इथे पाय वाचवायचा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी. हे मी कुणी न विचारता सांगते, तसं इथेही आधीच सांगून टाकते. माझ्याहीपेक्षा जास्त हे सांगत फिरणारा एकच माणूस होता आणि तो माझा बाप नव्हे. ते आमचे कुंग फूचे सर. सुरतेत, डिंडोलीच्या भाजीबाजारात मला पाहिलं की मेथीवाल्या बाईला म्हणायचे, "ही ग्रॅज्युएट आहे. हिला निवडलेली जुडी दे."

मेथीवाली म्हणायची, "का बरं? ग्रॅज्युएटला मेथी निवडता येत नाही?"

"येते. पण आता गरज नाही," सर म्हणायचे, आणि माझ्या पिशवीत जुडी टाकून स्वतः न निवडलेली घ्यायचे.

सरांना पाहून कुणालाही वाटलं नसतं की हा माणूस कुंग फू शिकवतो. उंची बेताची, अंगावर मांस नाहीच, आणि गळ्यात बारा महिने मफलर. सुरतेच्या उन्हाळ्यात मफलर. विचारलं तर म्हणायचे, लूमच्या आवाजाने अर्धे कान गेले, उरलेले अर्धे झाकून ठेवतो. बोलायचेही लूमवर काम करणाऱ्या आमच्या सगळ्यांच्या बापांसारखं, म्हणजे समोरचा माणूस रस्त्याच्या पलीकडे उभा आहे असं समजून. गुपित सांगायचं झालं तरी तसंच. त्यामुळे सरांना गुपित असं काही नसणार, अशी आमची समजूत होती.

त्यांचं पोटापाण्याचं काम लूमच्या कारखान्यात. बीमवरचा धागा संपत आला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याला चिमटीत पिळून जोडायचा. पाय दुमडून मशीनच्या पोटात शिरायचं आणि हजारो धागे जोडून होईपर्यंत हलायचं नाही. क्लासमध्ये मात्र बोटांचा संबंध नव्हता, तिथे सगळा कारभार गुडघ्यांचा. "चाळीस दिवस उभं राहा, मग बघू," असलं काही ते म्हणत नसत. नुसतं "उभं राहा" म्हणत, आणि किती ते सांगायचं विसरून जात.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते तेव्हा क्लासला लागले. सोसायटीच्या तळमजल्यावर हॉल होता, लग्नाच्या जेवणावळी आणि बारशांसाठी बांधलेला. सकाळी तिथे क्लास चाले. आदल्या दिवशी कुणाचं लग्न असलं की फरशीवर पाय चिकटत आणि हवेत मसालेभाताचा वास असे. पहिल्या दिवशी सरांनी मला घोड्यावर बसवलं. घोडा म्हणजे पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून उभं राहायचं, खाली घोडा आहे असं समजून. दुसऱ्या दिवशी घोडा. तिसऱ्या दिवशीही घोडा. घरी गेल्यावर माझी माय अहिराणीत विचारायची, "काय शिकनी वं आज?"

मी म्हणायची, "उभं राहायला."

"ते तं तुले येतंच व्हतं," माय म्हणायची आणि पोळपाट पुढे सरकवायची.

नव्या माणसासाठी सरांचे बरेच नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते आणि दर वेळी त्यांत थोडा फरक पडायचा. एक मात्र कधी बदलला नाही: कुंग फू शिकतोय हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की समोरचा म्हणतो, दाखव. दाखवलं की तुम्ही वाईट दाखवता, कारण तुम्ही नवे. मग तो हसतो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही क्लासला येत नाही. सर म्हणत, पोरं लाथ बसून क्लास सोडत नाहीत, मावसभाऊ हसला म्हणून सोडतात.

कपडे शिवून घ्यायला त्यांची बंदी होती. कापडाच्या शहरात राहून हा माणूस सांगायचा, जुनी पँट घालून या, फाटली तर मला दाखवा, कुठे फाटली त्यावरून कळतं तुम्ही कसे बसता ते. वाफवलेला, तेलकट लोचो खाऊन यायचं नाही, पण उपाशीही यायचं नाही. गुरूचं ऐकायचं, पण गुडघ्याचं आधी ऐकायचं. गुडघा बोलला तर गुरूला गप्प बसवायचं. आरसा नको. मोबाईलमधले व्हिडिओ नकोत, कारण मोबाईलमधल्या माणसाला तुमच्या घराचं माप माहीत नसतं. आणि सुरुवातीला कुणाशीही स्पर्धा नको. "तू इथे दुसऱ्यापेक्षा चांगला व्हायला आलेला नाहीस. तू काल जसा होतास त्याची ओळख करून घ्यायला आलास," असं ते एकदा म्हणाले, आणि लगेच ओशाळून मफलर सारखा करू लागले. मोठी वाक्यं त्यांना झेपत नसत.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ते आम्हाला आमच्या राहत्या जागेवरून हाक मारत. "ए पर्वत पाटिया, टाच खाली." "ए रेल्वे फाटक, श्वास घे." एका घरातली दोन भावंडं आली तेव्हा त्यांना 'वरचा मजला' आणि 'खालचा मजला' केलं. कुणी घर बदललं की सरांची पंचाईत होई. दोन-तीन महिने ते त्या मुलाला हाकच मारत नसत.

कुंग फू त्यांच्याकडे आलं कसं, हे ऐकायला सगळ्यांना आवडायचं. सर मूळचे चाळीसगावकडचे. तरणेबांड असताना गावातल्या इतर पोरांसारखे तेही सुरतेला कामाला निघाले. जळगावला गाडी बदलायची होती. फलाटावर हावड्याला जाणारी गाडी उभी होती, हे त्यात बसले. कधी सांगायचे, चुकून बसलो. कधी सांगायचे, सुरतेला सगळेच जातात म्हणून मुद्दाम बसलो. मला वाटतं दोन्ही खरं असावं: बसले चुकून आणि उतरले नाहीत मुद्दाम. कलकत्त्यात चिनी लोकांचा चामड्याचा कारखाना होता, तिथे कच्ची कातडी धुवायचं काम मिळालं. कारखान्याच्या मालकाचे वडील रोज पहाटे मागच्या अंगणात शिकवायचे. त्यांना सर 'आमचे म्हातारे' म्हणत. म्हातारे गेले, कारखाना बंद पडला, आणि मग सर सुरतेला आले. "पोहोचलो की नाही शेवटी?" म्हणायचे.

चामड्याचं काम केलं म्हणून गावी भावकीने पंगतीत वेगळं बसवलं होतं म्हणे. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. सर त्याबद्दल बोलायचे नाहीत.

एकदा गणपतीच्या मंडळाची पोरं आली. स्टेजवर कार्यक्रम करा, कौलं फोडा, आम्ही कौलं आणलीत. सरांनी कौलं उलटीपालटी करून पाहिली, वाजवून पाहिली. म्हणाले, "चांगली आहेत की. यांनी माझं काय वाकडं केलंय?" पोरांना वाटलं सर गंमत करतात. सर म्हणाले, ज्याचं छप्पर गळतं त्याला द्या, त्याला जास्त आनंद होईल. पोरं हिरमुसली. पुढच्या वर्षी त्यांनी पर्वत पाटियाच्या कराटेवाल्यांना बोलावलं, त्यांनी दणादण फोडली. आम्ही खाली गर्दीत उभे होतो. सर सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवत होते.

आणि त्याच पर्वत पाटियाच्या चौकात तो रिक्षावाल्याचा प्रसंग. माझ्या डोळ्यांसमोर झाला म्हणून सांगते. भाड्यावरून काहीतरी बिनसलं आणि रिक्षावाल्याने सरांची पिशवी धरून ओढली. आम्ही दोघी-तिघी सोबत होतो. आम्हाला वाटलं, आता दिसणार. सरांनी काही केलं नाही. पिशवी सोडली नाही, हात उचलला नाही, शिवी दिली नाही. नुसते घोड्यावर बसले. भर चौकात, मफलर लावून. रिक्षावाल्याने ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं, पाय रोवून ओढलं. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते. शेवटी तो घामेघूम होऊन म्हणाला, "काका, पागल हो क्या?" सर म्हणाले, "हां." तो निघून गेला. सर उठले, पिशवीतली अंडी फुटली नाहीत ना बघितलं आणि आम्हाला म्हणाले की नव्या माणसाने याच्यापुढे काही शिकलं नाही तरी चालतं.

मला तेव्हा वाईट वाटलं होतं. एक तरी ठोसा मारायला हवा होता असं वाटलं होतं. आता माझ्याकडे नवी मुलं येतात, त्यांना मी हीच गोष्ट सांगते, आणि त्यांचेही चेहरे तसेच पडतात.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

घोड्याचे महिने संपले की सर एक पाठ शिकवायचे. पाठ म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायचे हात, पाय, वळणं. एकट्याने, पण समोर माणूस आहे असं धरून. सरांना असा एकच पाठ येत होता. म्हाताऱ्यांनी शिकवलेला. त्यात मधोमध एक जागा होती. डावीकडे वळलो की पुढे पाय टाकायच्या आधी डावा पाय जरासा उचलून बाहेरच्या बाजूला लांब टाकायचा, मग बाकीचं. सुंदर दिसायचं ते. बगळा पाण्यात पाय टाकतो तसं. सर या जागेसाठी फार कडक होते. "इथे पाय वाचवायचा," असं ते दर वेळी म्हणायचे. समोरचा खालून पाय झोडायला येतो, म्हणून. ज्याला ही जागा जमली त्याला पाठ आला, असं आमच्याकडे धरत. मला ती जागा जमायला कॉलेजचं अख्खं पहिलं वर्ष लागलं.

मी बी.ए. होऊन एका डाइंग मिलच्या ऑफिसात लागले, तरी सकाळचा क्लास सोडला नव्हता. आता मी सर्वांत जुनी विद्यार्थिनी होते. त्या सुमाराला सोसायटीने नवा नियम काढला. दुसऱ्या कुठल्या तरी सोसायटीत कसल्याशा क्लासमध्ये एका मुलाचा हात मोडला होता, त्यावरून भानगडी झाल्या होत्या. आमच्या प्रमुखांनी सांगितलं, दिवाळीनंतर हॉल पाहिजे असेल तर क्लासला एखाद्या संस्थेची मान्यता पाहिजे. प्रमुख माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "मास्तर, मारा हाथमां नथी." माझ्या हातात नाही. 

आईबापांनाही मान्यता हवीच होती. पर्वत पाटियाच्या क्लासला काचेचा दरवाजा होता, मुलांना पट्टे मिळत होते, भिंतीवर लावायला प्रमाणपत्र मिळत होतं. आमच्याकडे चिकट फरशी आणि घोडा. दर महिन्याला एखादं मूल तिकडे जात होतं. सर त्या मुलाच्या राहत्या जागेचं नाव काही दिवस तोंडात घोळवत. लूमचं काम डोळ्यांमुळे सुटत चाललं होतं. बारीक धागा दिसत नव्हता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन बारडोलीला. हॉल गेला असता तर सरांना सकाळी उठायचं कारण उरलं नसतं. हे ते बोलत नव्हते, पण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

मी शोधाशोध केली. त्याच शैलीची एक संस्था बडोद्याकडे निघाली. तिथल्या लोकांचा गुरूही कलकत्त्याच्या त्याच म्हाताऱ्यांच्या घरातला. मला वाटलं, झालं काम. आपल्याच घरची माणसं. मी फोन केला, त्यांनी एका शिक्षकाला बघायला पाठवलं. तरुण मुलगा, गुजराती, फार नम्र. आल्या आल्या सरांच्या पाया पडला. आईबाप भिंतीला लागून खुर्च्यांवर बसले होते. सरांनी त्या दिवशी मफलर धुतला होता.

आम्ही सगळ्यांनी रांगेत उभं राहून पाठ केला. ती जागा आली. सगळ्यांचे पाय एकदम उचलले, बाहेर गेले, टेकले. मी इतकी खूश झाले. तो मुलगा मात्र पुढे वाकून बघत होता. पाठ संपल्यावर त्याने विचारलं, पुन्हा कराल? आम्ही पुन्हा केला. मग तो सरांजवळ गेला आणि हळूच विचारलं, "सर, आ पग क्यांथी आव्यो?" हा पाय कुठून आला? आमच्या पाठात हा नाही. कुणाच्याच नाही.

सरांना हळू बोललेलं ऐकू येत नाही. त्याला मोठ्याने विचारावं लागलं. सगळ्यांनी ऐकलं.

सर म्हणाले, इथे पाय वाचवायचा. तो म्हणाला, कशापासून? सरांनी समजावून सांगितलं, समोरचा खालून येतो. तो म्हणाला, पण सर, पाठात या जागी समोरचा उजवीकडे असतो, डावीकडे कुणी नाहीच.

 सर हॉलच्या मधोमध गेले, डोळे मिटले आणि पाठ सुरू केला. सावकाश. वळण आलं, पाय उचलला, बाहेर गेला, आणि तिथेच थांबले. पाय टेकवलाच नाही. एका पायावर कितीतरी वेळ उभे.  मग डोळे उघडले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मोरी."

कलकत्त्याच्या अंगणातून एक उघडी मोरी जात होती. कातडी धुतलेलं चुन्याचं पाणी तीतून वाहायचं. पायाला लागलं तर कातडी सोलून निघायची. सर रोज तिथे पाठ करायचे, आणि वळणानंतर पाय बरोबर मोरीवर येई. म्हणून तो उचलून पलीकडे टाकायचा. इतकी वर्षं केलं की मोरी विसरली आणि पाय तेवढा राहिला.

भिंतीकडून एक बाप म्हणाला, "म्हणजे मास्तर, आमचा पोरगा दोन वर्षं गटार ओलांडत होता?"

सर म्हणाले, "हो. आणि छान ओलांडतो."

लोक हसले. तो बडोद्याचा मुलगाही हसला, पण वाईट नाही. त्याने सरळ सांगितलं की बाकी सगळं उत्तम आहे, घोडा तर असा त्याने कुठे पाहिला नाही, पण पाठ चुकीचा असताना मान्यता देता येणार नाही. सरांनी पाठ नीट करावा आणि महिन्याभरात बडोद्याला येऊन मोठ्यांसमोर करून दाखवावा. मग त्याने मला तो पाठ करून दाखवला, बिनमोरीचा. मला दोन-तीनदा बघून जमला. मला जमतंच तसं लवकर, सांगितलं तर काय झालं.

दुसऱ्या दिवशी सर क्लासला आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. मुलं यायची, मी त्यांना घोड्यावर बसवायची आणि घरी पाठवायची. दोन आईबापांनी येऊन सांगितलं की आमचं मूल आता येणार नाही. गटाराचं विचारणाऱ्या बापाचा पोरगा मात्र येत राहिला. शेवटी मी सरांच्या खोलीवर गेले.

सर स्टोव्हवर भाकरी करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, बस. मी बसले. म्हटलं, सर, चूक कुणाचीही होते, पाय काढून टाकला की झालं, त्यात एवढं काय. ते भाकरी फिरवत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही म्हणून मी पुन्हा मोठ्याने म्हटलं.

"ऐकलं," ते म्हणाले. "तू एक विचारलं नाहीस. तो पोरगाही नाही. बाकीच्यांच्या पाठात पाय का नाही? अंगण तर एकच होतं."

मला खरंच सुचलं नव्हतं.

"पुढच्या रांगेत मोरी नव्हती," सर म्हणाले. "पुढे मालकाची पोरं, भाचे-पुतणे. त्यांच्या मागे त्यांच्या ओळखीची. आम्ही कातडी धुणारे शेवटच्या रांगेत. तिथे मोरी. म्हातारे पुढे उभे राहायचे, पुढच्यांचे पाय बघायचे. आमच्यापर्यंत नजर यायची नाही. वाईट नव्हते. आम्हाला उभं राहू द्यायचे हेच खूप होतं."

मी विचारलं, कधीच पुढे घेतलं नाही?

"नाही."

आम्ही तर सगळीकडे सांगत होतो की आमचे सर म्हाताऱ्यांचे पट्टशिष्य. मी स्वतः बडोद्याला फोनवर तसंच सांगितलं होतं. ते मी त्यांना बोलून दाखवलं. सरांनी भाकरी टोपलीत टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मी कधी म्हटलं होतं? तुम्ही विचारलंत गुरू कोण, मी सांगितलं. रांग कितवी, ते कुणी विचारलं नाही."

मग बराच वेळ दोघं जेवत होतो. भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. जेवण झाल्यावर ते म्हणाले, आता या वयात मी कुणाकडे शिकायला जाऊ, आणि बडोद्याला रोज कोण जाणार. मी म्हटलं, मला येतो तो पाठ. मी शिकवते.  त्यांनी ताट घासलं, माझंही घासलं, मी नको म्हणत असताना. मग म्हणाले, ग्रॅज्युएट आहेस, शिकवशील.

बडोद्याचं काय झालं ते इथेच सांगते, म्हणजे कुणाच्या मनाला लागून राहायला नको. सर तिकडे जाऊन आले, पाठ केला, पाय उचलला नाही. तिथल्या मोठ्यांनी मान्यता दिली. हॉल राहिला. दाराशी संस्थेची पाटी आहे, मुलांना पट्टेही मिळतात. सरांनी स्वतः कधी बांधला नाही, मफलर आहे म्हणाले. पुढे डोळे फारच कमी झाले तेव्हा मुलीने त्यांना बारडोलीला नेलं. तिथे घरासमोरून साखर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर जातात. सर अंगणात उभे असतात आणि ओळख ना पाळख, ड्रायव्हरांना सांगतात, पाठ ताठ ठेव. क्लास मी चालवते. फोनवर विचारतात, नवं कोण आलं, मी जागेचं नाव सांगते.

पण मला सांगायची आहे ती त्या महिन्यातली पहिली सकाळ.

सर हॉलवर आले तेव्हा मुलं आधीच आली होती. मी पाठीमागे वळून सगळ्यांना रांगांत उभं राहायला सांगितलं. सरांनी चपला दाराशी काढल्या, नेहमीसारख्या जोडून ठेवल्या, आणि मला काही कळायच्या आत जाऊन शेवटच्या रांगेत उभे राहिले. कोपऱ्यात. सर्वांत लहान मुलाच्याही मागे. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना जागा शोधावी लागली नाही.

मी मुलांना घोड्यावर बसवलं. सरही बसले. मुलं माना वळवून वळवून बघत होती. मी पाठ सुरू केला. वळण आलं आणि मला मागून आवाज आला, पाय उचलल्याचा आणि लांब टेकल्याचा. पुन्हा केलं, पुन्हा आवाज. मी वळून बघायची, तोवर ते पुढे गेलेले असत. मधे मुलांच्या माना. चार-पाचदा तसंच झालं. सरांच्या कपाळावर घाम आला होता. ते म्हणाले, "कळतं मला. पाय ऐकत नाही."

मी म्हटलं, "सर, मला तुमचे पाय दिसत नाहीत. पुढे या."

"इथे बरा आहे."

"इथून मी दुरुस्त करू शकत नाही. पुढे या."

माझा आवाज जरा वर गेला असावा.  सर जागचे हलले नाहीत. मी ज्या माणसाला रिक्षावाल्याने दोन्ही हातांनी ओढताना पाहिलं होतं, त्याला मी काय हलवणार. पण मीही तिथेच उभी राहिले. पाठ सुरू केला नाही. म्हटलं नाही काही. शिक्षकाने कधी कधी नुसतं थांबायचं असतं, हे मला त्या दिवशी कुणी शिकवलं नाही, आपोआप कळलं.

मग पर्वत पाटिया एक पाऊल बाजूला झाली. रेल्वे फाटक सरकला. मधल्या रांगा उघडत गेल्या आणि हॉलच्या मागच्या कोपऱ्यापासून माझ्यापर्यंत वाट झाली. सरांनी मफलर काढला, घडी केली, खिशात ठेवला. आणि आले. फार सावकाश आले, जसं कुणाच्या तरी घरात पहिल्यांदा आत जावं तसं. पहिल्या रांगेत, बरोबर माझ्यासमोर, येऊन उभे राहिले.

ते माझ्याकडे बघत नव्हते. खाली बघत होते. समोरची फरशी, डावीकडची फरशी. डाव्या पायाने ती जरा चाचपून पाहिली. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, मराठी सोडून घरच्या अहिराणीत म्हणाले,

"आठे तं सगळं कोरडं शे."

मी म्हटलं, "हो. चला."